रंजू, तुझ्या डब्याची बारी मोडली

प्रिय रंजू,

तुला लिहिलेलं प्रत्येक पत्र मी ‘चिरंजीव’ने सुरू करायचो. हातात फोन असूनही नागपूरच्या वसतिगृहावर मी पत्रं टाकतो, म्हणून तू हसायचीस. आज सवयीनं ‘चि.’ लिहून गेलो आणि मग तो कागद फाडला. आता ‘प्रिय’ लिहिलं आहे, चालवून घे.

तिकडे सगळे कसे आहेत? आमच्या आईचे गुडघे वाकतात का आता? बाबांना ऐकू येतं, की अजून ‘काय म्हनली व?’ करत सगळं दोनदा वदवून घेतात? तुझ्या मोठ्या आईचा दमा कसा आहे? तिला म्हणावं, तुझी सुपारीची डबी होती तिथेच आहे, मी हलवली नाही. आणि तू ग? हातपाय दुखायचे ते थांबले का? एवढं एक तरी खरं सांग. इथे विचारलं की ‘काही नाही, थोडंसं’ म्हणायचीस. तुझं ते थोडंसं आम्हाला फार महागात पडलं.

इकडची खुशाली विचारू नकोस. तुझी आई जेवते, पण ताटात काय होतं ते तिला सांगता येत नाही. तुझ्या बाबाचं, माझ्या धाकट्या भावाचं, दुलीचंदचं, पुढे लिहितो.

उद्या तुझं वर्षश्राद्ध. घरचं आटोपलं की गावाने चौकात सभा ठेवली आहे. तुझा दारभर फोटो छापून आणला आहे, खाली ‘गावाची लेक, गावाची शान’. मला दोन शब्द बोलायला सांगून गेले. आणि परवा भर दुपारी आपल्या शेतावरची डीपी, अख्खा ट्रान्सफॉर्मर, जळली, रंजू. तुझे डबे लागलेले असताना जळली! त्या फोटोपुढे उभं राहून मी कोणते दोन शब्द बोलू? म्हणून जे बोलायचं ते तुलाच लिहितो.

तुझी मोठी आई शेजारी येऊन बसलीच असेल, ‘काय लिहिते म्हातारा, वाच न’ म्हणत. तिला समजेल असं लिहितो.

लाइन गेली की पंपाची मोटर बंद पडते. लाइन आली की शेतात जाऊन बटण दाबावं लागतं. त्याचा कंटाळा म्हणून जो तो स्टार्टरला ‘ऑटो’ लावतो, म्हणजे लाइन येताच मोटर आपोआप सुरू. एकाने लावला तोवर ठीक होतं. सगळ्यांनीच लावला, तेव्हा एका डीपीवरच्या साऱ्या मोटरी एका दमात उठायला लागल्या. उठताना मोटर चालण्याच्या कितीतरी पट करंट ओढते. इतक्या जणींना पुरेल एवढी ताकद डीपीत कुठली? एकही धड फिरत नाही. साऱ्या घूं घूं करत तापतात, आज याची वाइंडिंग जळते, उद्या त्याची, आणि एखाद्या दिवशी डीपीच बसते. दुसरी येईपर्यंत धान डोळ्यांदेखत वाळतो.

अशा जळक्या मोटरींची वाइंडिंग भरूनच मी पोट भरलं. पहिली मोटर कोणी शिकवली नाही, उघडून पाहत पाहत शिकलो. गावाच्या घाईवर माझं दुकान चाललं म्हण ना. पण त्याआधी मी तलावाचा पाणकर होतो हे तुला माहीत, तुझ्या पिढीत दुसऱ्या कोणाला माहीत नसेल. काठी घेऊन शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं फिरायचं, ज्याची बारी त्याच्या धानाच्या बांधीत पाणी सोडायचं, बारी सरली की तोंड बुजवायचं. पाणी कमी असलं तर शेवटच्या बांधीला आधी.

तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा मला विचारलं होतंस, ‘‘मोठे बाबा, तुमी घरी झोपले तं पानी कोन थांबवते?’’

‘‘लोकं थांबतेत व.’’

‘‘काऊन थांबतेत?’’

‘‘मी येऊन जाईन म्हनून.’’

‘‘म्हंजे भेवानं!’’

‘‘भेव म्हन, लाज म्हन.’’

तू विचारात पडलीस. मोठेपणी, इंजिनियर झाल्यावर, एकदा माझ्यासमोर जळक्या मोटरीचं कॉइल धरून म्हणालीस, ‘‘मोठे बाबा, ह्या मोटरीयले पाणकर पायजे.’’ संशोधनाचा विषय तिथेच ठरला. नागपूरला सरांनी त्याला लांबलचक नाव दिलं, ते मला अजून एका श्वासात म्हणता येत नाही. आपल्यासाठी तो ‘रंजूचा डबा’.

घरापुढच्या सपरीत बसून सोल्डरिंग करायचीस तो राळेचा वास आठवतो का? एक सर्किट हिवाळाभर जमवलंस, चालू केलंस आणि फट्‌! आत पाल शिरली होती. पाल गेली ती गेली, तुझा हिवाळाही घेऊन गेली. तू रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, ‘‘सरायले सांग, पालीलेही डिग्री द्या, तिनंबी जीव लावला.’’ तू मला पक्कड फेकून मारलीस! मग प्रत्येक डब्याच्या भोकांना मच्छरदाणीची जाळी लावलीस. कॉलेजातल्या पोरांना हे सुचलं नसतं, कारण त्यांच्या टेबलावर पाली फिरत नाहीत.

डब्यांना एकमेकांशी जोडणारी वायर नाही, मोबाइल नाही. मी म्हटलं, मग एकाला दुसऱ्याचं कळणार कसं? तू म्हणालीस, ‘‘डबा लाइन ऐकते. एक मोटर उठली का व्होल्टेज दबते. दबलं म्हंजे कोनीतरी उठून राहिलं, आपन थांबायचं. वर येऊन स्थिर झालं का आपली बारी.’’ आणि आज जो पहिला, तो उद्या शेवटी. हे माझ्या तलावाचंच ग! तू सर्किटात माझी काठी घातलीस.

अंगणात दोन मोटरी मांडून पाहिलं तो दिवस तर मी मरताना आठवीन. लाइन आली. एक उठली. दुसरीच्या डब्यावर पिवळी बत्ती लुकलुकत राहिली, आणि पहिली सुरात आल्यावर ती उठली. तू ओरडलीस, ‘‘लाजली! मोटर लाजली!’’ ती बत्ती कशाला, उगाच खर्च, असं मी म्हणालो होतो. तेव्हा तू रागावलीस. ‘‘मानसाले दिसलं पायजे, मोठे बाबा. डबा मेला नाही, आपल्याले विसरला नाही, बारी येऊन राहिली. नाही दिसलं तं तो डबाच फोडून टाकीन.’’ बत्ती राहिली.

सर म्हणाले, प्रयोगशाळेत चाललं ते खरं, पण एका डीपीवर एक अख्खा हंगाम सगळ्या मोटरी बारीनं चालवून दाखव, मग प्रबंध पुरा. झालं, तुला वेड लागलं.

मागच्या वैशाखात धान निघाल्यावर मोटरी मोकळ्या होत्या, म्हणून तू तेव्हाच डबे बसवायला निघालीस. रक्तात सिकलसेलचा आजार, उन्हात फिरू नको, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नको, हे तुझ्या कार्डावर लिहिलेलं. आणि तू टळटळीत उन्हात धुऱ्यांवरून पंप-पंप फिरलीस. काऊन? एक महिना थांबली असतीस तर काय झालं असतं? साऱ्या मोटरींना थांबायला शिकवलंस आणि स्वतः तेवढी थांबली नाहीस! हा माझा तुझ्यावरचा राग आहे, तो मी तिकडे येईपर्यंत जाणार नाही.

शेवटचा डबा बसला आणि तुझं अंग धरलं. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, तिथून तू घरी आलीस ती चालत आली नाहीस.

तेरवीच्या पंगतीत आपल्या डीपीवरचे सगळे शेतकरी होते. बुंदीचा द्रोण हातात धरून टेकचंद म्हणाला, ‘‘रंजूच्या डब्याले जो हात लावन, तो मानूस नाही.’’ फागू म्हणाला, ‘‘आमी पोरीचं काम पुरं करून देऊ, काका.’’ साऱ्यांनी माना हलवल्या. मला त्या दिवशी रडताना बरं वाटलं होतं. गाव माझं आहे असं वाटलं.

आणि खरंच, या उन्हाळी धानाला डबे चालले. लाइन यायची, एकेक मोटर उठायची, धुऱ्यावर उभं राहून ऐकावं असं. सरांच्या यंत्रात नोंद होत होती. तुझा अपुरा प्रबंध तुझ्याच नावानं पुरा करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मग ऊन वाढलं, लाइनीचे तास कमी झाले, यंदा उशिरा लागलेला धान लोंबीवर आला, आणि गावाची माणुसकी पातळ झाली.

परवा डीपी जळल्यावर लाइनमनने फागूचा डबा उघडला आणि हसला. ‘‘काका, इसमें तो वायर डाल के रखी है. सीधा डायरेक्ट!’’ डब्याला वळसा घालून चिमूटभर वायर. तुझं सर्किट आत बसलेलं, जिवंत, आणि त्याला विचारतो कोण! पुढचा डबा उघडला, तेच. त्याच्या पुढचा, तेच.

‘‘काऊन गा, फागू?’’

‘‘टेकचंदनं टाकली, तं मी काय तोंड पाहत राहू?’’

टेकचंदकडे गेलो. तो खाली पाहून बोलला, ‘‘मोठे बाबा, माह्यावर ओरडू नका. पहिले घरी तं पाहा. लाइन आली का तुमच्या दुलीचीच मोटर सगऱ्याच्या आंधी उठते. पोरीचा बापच बारी मानत नाही, तं आमी कायले मानू?’’

मला वाटलं, मी त्याच्या कानशिलात देईन. पण पाय दुलीच्या पंपाकडे वळले. डबा उघडला. वायर होती, रंजू. सगळ्यांत जुनी, गंजायला आलेली.

दुली धुऱ्यावर बसला होता. मी त्याला उठवून डब्यातली ती वायर दाखवली. त्यानं डब्याकडे पाठ फिरवली. मग म्हणाला, ‘‘भाऊ, ते पिवळी बत्ती. बारी येतपावतर लुकलुक करते. दवाखान्यात तिच्या उशाजवळ अशीच लुकलुक करे. मी तिकडेच पाहत होतो. तिच्याकडे पाहाचं सोडून बत्तीकडेच पाहत होतो. अना मंग...’’

‘‘मंग पाहू नको न! घरी बस.’’

‘‘घरी तिची माय हाये.’’

चोर सापडला की त्याला उद्या चौकात उभा करीन असं ठरवून मी निघालो होतो. सापडला तो माझा भाऊ, आणि त्याने चोरलं काय, तर दोन मिनिटांचं थांबणं.

तरीही सांगतो, मी त्याला माफ केलेलं नाही. लाइनीला कारण कळत नाही, रंजू. दुःखानं टाकलेली वायर काय नि हावेनं टाकलेली काय, करंट दोन्हींतून सारखाच जातो. डीपी जळायची ती जळलीच. आणि त्याहून जास्त राग मला बाकीच्यांचा आहे. दुलीची मोटर आधी उठते हे सगळ्यांना दिसलं. एक तरी त्याच्याजवळ जाऊन बसला का? ‘काऊन गा दुली, तू असा काऊन करून राहिला?’ एवढं एकाने तरी विचारलं? नाही. पाहिलं, आणि जाऊन आपापल्या डब्यात वायर टाकली. उद्या हेच हात तुझ्या फोटोला हार घालतील, आणि मी मागे बसून ते बघायचं!

सरांना फोन केला. ते बिचारे हळूच म्हणाले, ‘‘नोंद तुटली, काका. पुन्हा पहिल्यापासून एक हंगाम लागेल. माझी तयारी आहे. गावाची आहे का?’’ मी फोन ठेवून दिला. गावाचं मी काय सांगू? मला गावाचं बोलायचा हक्कच राहिला नाही.

माझं तेवढं सांगू शकतो. उद्या मी मंचावर जाणार नाही. तुझा पिंड दिला, कावळा शिवला की पक्कड घेऊन दुलीच्या पंपावर जाईन आणि ती वायर त्याच्याच हातानं काढवीन. बत्ती मी काढणार नाही, तुझा शब्द आहे. डीपी नवी येऊ दे. लाइन येईल, ती लुकलुकेल, तेव्हा मी दुलीच्या खांद्याला खांदा लावून उभा राहीन. बारी येईपर्यंत दोघं मिळून तिच्याकडे पाहू. एका माणसाला नाही निघत ती दोन मिनिटं, दोन म्हातारे मिळून काढतील. मग पुढच्या धुऱ्यावर जाईन, मग त्याच्या पुढच्या. जुनी काठी अजून आहे माझी. एक अख्खा हंगाम फिरेन. लोक भ्याले तर भिऊ देत, लाजले तर लाजू देत. तुझा हंगाम पुरा केल्याशिवाय मी तिकडे येत नाही, तोवर मोठ्या आईला सांग, वाट पाहू नको.

पत्राचं उत्तर लवकर लिही. मला आता फार दिवस थांबवत नाही. तिकडे पत्रं पोचवायची काही बारी असेल, तर माझं जरा आधी...

नाही. राहू दे ग. बारी येईल तेव्हाच लिही. मी थांबतो.

तुझे,
मोठे बाबा