आण्णांचा लाल चाकू

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार. सकाळी ६.४०.
कोकरू धरून बसलो होतो. आण्णा त्याच्या कानाला आपल्या कळपाची खूण करणार होते. लाल चाकूचं पातं अंगठ्यानं उघडेना. नख दोनदा घसरलं. शेवटी दातांत धरून ओढलं. कान कापताना मी नेहमीसारखी मान फिरवली.
आण्णा म्हणाले, "म्हातारा झाला चाकू."
काकू म्हणाली, "चाकूच व्हय निस्ता?"
अजून चार मेंढ्या व्यायच्या आहेत. पुढच्या वेळी दात लावायची पाळी येऊ द्यायची नाही. पुढच्या बुधवारी खंडेनवमी. तोवर साफ करून पूजेत ठेवायचा.

२६ सप्टें., शुक्र.
धार लावतो म्हणून चाकू मागितला. आण्णांनी दगडावर ठेवला, मग मी उचलला. हातातून हातात दिला की भांडण होतं.
"हरवू नगं."
"नाही हरवत."
"तू हरवत न्हाईस रं. तू निगा लई करतुयास, त्येचीच भीती."
आण्णांनी एका बंगलेवाल्या साहेबांची गाडी चिखलातून काढून दिली, तेव्हा त्या साहेबांनी दिलेला हा चाकू. दोन पाती, कात्री, करवत, दाभण, पेचकस, बाटलीचं टोपण काढायचं. चिमट्याची जागा रिकामी, तिच्यात लोकर. दुपारी हिंजवडीला कंपनीत, सेकंड शिफ्ट.

२७ सप्टें., शनि.
कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. सांध्यांतली घाण सुईनं काढली. तंबाखू, लोकर आणि हळद. कापलेल्या कानाला लावायची हळद, पात्याबरोबर वर्षानुवर्षं आत गेलेली. उन्हात वाळवून काकूच्या शिलाई मशीनचं तेल सोडलं. दोन थेंब चाकूत, बाकी बाटली जमिनीवर. करवत सुटली. मोठं पातं नाही.

२८ सप्टें., रवि.
पौडला हार्डवेअरमध्ये. दुकानदार चाचा म्हणाले, "अरे, दीडशेत नवा देतो की." मी म्हणालो, "याला पेचकस आहे." दुसरं काही सुचलंच नाही.
गंज सोडवायचा स्प्रे आणला, मारून तासभर ठेवला. पातं सुटलं! टक्क असा आवाज. नऊ वेळा उघडलं, मिटलं. मुठीच्या लाल प्लास्टिकवर ओरखडे होते, तेही पॉलिश पेपरनं घासून काढले. तोंड दिसतंय त्यात. फार बरं वाटलं.

३० सप्टें., मंगळ. सुट्टी.
काकूला दाखवला. उलटापालटा करून बघत राहिली.
"हितल्या दोन रेघा कुटं गेल्या?"
"ओरखडे होते ते."
"ओरखडे न्हाईत, माप हाय ते. कान मुठीला लावायचा आन् दोन रेघांच्या मदी कापायचा. तुझ्या बापानं पाडल्या हुत्या त्या."
बाबांनी, आण्णांच्या भावानं. मी चार वर्षांचा असताना गेले. त्यांच्या हातचं घरात दुसरं काय आहे, आठवून बघतोय.
दुपारी दोरा घेऊन सहा मेंढ्यांच्या कानावरची खूण मोजली. सहा वेगळी मापं. कान वाढतो तशी खूणही वाढत जाते. बुधवारच्या कोकराचा कान सुजलेला, त्यावर भरवसा नाही. तरी सातही मापं वहीत लिहिली.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी. सकाळी ९.१५.
घोंगडीवर कुऱ्हाड, कोयता, लोकरीची कातर, चाकू. हळदकुंकू, झेंडू. पूजा झाल्यावर आण्णांनी चाकू उचलला. अंगठ्यानं उघडला. टक्क. मिटला, परत उघडला. हसले. मग अंगठा मुठीवर फिरला आणि थांबला.
मी सगळं सांगितलं. मापं वाचून दाखवली.
आण्णांनी वहीकडे बघितलं. मग, "मेंढरांनी कान मोजू दिलं तुला?"
"एकीनं लाथ मारली."
"ती शाणी."
काकूला हसू आवरेना. आण्णा हसले नाहीत. चाकू मिटून घोंगडीवर माझ्या बाजूला ठेवला.
"आज हत्याराला सुट्टी. दसरा झाल्यावर उचल. रेघा तूच पाडायच्या. माप माझ्या अंगठ्यात हाय अजून. पन पुढचा कान तू कापायचा. आन् मान फिरवायची न्हाई."
तांबडी मेंढी आज-उद्या विणार. सकाळपासून खात नाही. मीही.

खर्च: पॉलिश पेपर दोन ४०, गंजाचा स्प्रे १९०. एकूण २३० रु.
देणं: काकूला मशीनच्या तेलाची बाटली. आण्णांना दोन रेघा.