मर्सी हॉलिसचं राहिलेलं काम

१५ फेब्रुवारी, रविवार

मालिनी काकू काल ड्राइव्हवेवर घसरल्या. उजवं मनगट गेलं. दीड-दोन महिने प्लास्टर. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहतो, म्हणून ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचं काम माझ्याकडे असतं. काढणारच होतो. पण वेदर ॲपवर दुपारी ऊन दाखवत होतं. जे काम सूर्य फुकट करतो त्यात माणसानं कशाला मध्ये पडावं? चूक ॲपची आहे. एक स्टार दिला.

काकूंना हाताचं एवढं दुःख नाही. भरतकामाचं आहे.

१६ फेब्रुवारी

प्रकार असा आहे. इथल्या एका छोट्या म्युझियममध्ये नोंदीप्रमाणे १८३१ सालचं एक कापड आहे. मर्सी हॉलिस नावाच्या दहा वर्षांच्या पोरीनं त्यावर फुल्या-फुल्यांच्या टाक्यानं एबीसीडी, घर, झाड, दोन पक्षी आणि खाली स्वतःचं नाव भरलंय. त्या काळी पोरींना अक्षरं आणि सुई एकदमच शिकवायचे. ह्याला सॅम्पलर म्हणतात. मूळ कापडाला आता उजेड सोसत नाही, ते ड्रॉवरमध्ये झोपून असतं. भिंतीवर लावायला काकू दोन वर्षं त्याची नक्कल करतायत. नक्कल म्हणजे चुकांसकट. मर्सीनं S उलटा काढला, काकूंनीही उलटाच काढला.

आमच्या शाळेत नक्कल केली की वर्गाबाहेर काढायचे. इथं म्युझियममध्ये लावतात. माझं शिक्षण चुकीच्या देशात झालं.

१८ एप्रिलला एक्झिबिशन आहे. वरचं सगळं झालंय. एक पक्षी आणि खालच्या दोन ओळी राहिल्यात. काकूंच्या भरतकामाच्या ग्रुपमधली डेब्रा सारखी फोन करते, मी पूर्ण करते म्हणून. काकूंना ते नको आहे. डेब्रा चुका सुधारते म्हणे.

मी म्हटलं, मी करतो. काकूंनी विचारलं, सुई कधी धरलीयस? मी सांगितलं, आमच्या विट्याच्या घरी दारावर दुसुतीवर भरलेले पोपट होते, आईनं भरलेले, आणि सुया सगळ्या मी ओवून द्यायचो. म्हणजे मुख्य काम माझंच. सुईत दोराच नसेल तर पोपट येणार कुठून?

काकूंनी सुई दिली. म्हणाल्या, "एक टाका आपल्या मनाचा नको, एकनाथ. पोरगी जिथं थांबली, तिथं थांबायचं."

बरं म्हटलं.

१८ फेब्रुवारी

प्लॅन केला. रोज संध्याकाळी एक तास. आठवड्यात संपवून उरलेल्या वेळात दुसरं एखादं सॅम्पलर घेणार. पुढं नाव झालं की डब्यांचं काम सोडणार. शैलेंद्र काका मला इकडे अमेरिकेत घेऊन आले हे खरं, पण आयुष्यभर लोकांच्या डब्यात भेंडी भरायला माझा जन्म नाही. अख्ख्या ॲशबर्न गावाला त्यांचे जेवणाचे डबे जातात. मी ते डेटा सेंटरच्या गेटवर देतो. घरी सांगताना 'डेटा सेंटरला असतो' एवढंच सांगतो. गेट डेटा सेंटरचंच आहे.

१९ फेब्रुवारी

आज सुरुवात करणार होतो. दिवा बरोबर नव्हता.

२३ फेब्रुवारी

सुरुवात केली. हे दुसुती नाही. लिनन आहे आणि भोकं खसखशीएवढी. सुई भोकात जाण्याऐवजी बोटात जाते. मर्सीला ह्या वयात हे जमलं ह्याचा अर्थ त्या काळी मुलांना दुसरं कामच नव्हतं.

पक्षी सुरू केला.

२ मार्च

पक्षी पूर्ण. काकूंनी विचारलं, कोंबडी कोणी सांगितली होती. मी म्हटलं, जवळून बघू नका, म्युझियममध्ये लोक लांबून बघतात. मग त्या म्हणाल्या की प्रत्येक फुलीची वरची तंगडी एकाच बाजूला झुकली पाहिजे, माझ्या निम्म्या इकडे आणि निम्म्या तिकडे. ही लोकशाही आहे, असं मी मनात म्हटलं.

काकूंनी डाव्या हातानं कोंबडी उसवली. मला राग आला नाही. कलावंताला हे सोसावंच लागतं.

८ मार्च

पक्षी दुसऱ्यांदा. आता कबुतर वाटतं. काकू म्हणाल्या, प्रगती आहे.

आज नैना आली होती. काकूंची मुलगी. जन्म इथला, त्याच म्युझियममध्ये कामाला. ज्यांनी ही कापडं भरली त्या पोरींचं पुढं काय झालं हे शोधणं तिचं काम. जुनी जनगणना, चर्चची रजिस्टरं, कबरी. मी मराठीत विचारलं, मर्सीचं काय झालं? ती इंग्रजीत म्हणाली की वयाच्या दहाव्या वर्षानंतर मर्सी हॉलिस हे नाव कुठंच सापडत नाही, अजून शोधतेय.

मग तिनं मूळ कापडाचा मोठा फोटो दाखवला. शेवटची ओळ आहे, 'मर्सी हॉलिस हर वर्क इन द' आणि मग Y. फक्त Y. इयर पूर्णच नाही. पुढं कोरं कापड.

मला सगळं एकदम समजलं. पोरगी टाका घालता घालता गेली. ताप आला असणार. सुई हातातच राहिली असणार. आणि ही शिकलेली माणसं रजिस्टरं चाळतायत.

नैनाला तसं सांगितलं. ती म्हणाली, पुरावा? मी म्हटलं, Y.

१५ मार्च

मर्सीचा विचार डोक्यातून जात नाही, त्यामुळे ह्या आठवड्यात भरायला बसलो नाही. आधी तिला समजून घेणं महत्त्वाचं. तिचं आणि माझं सारखंच आहे. दोघांनाही लहानपणी जबरदस्तीनं अक्षरं गिरवायला लावली. फरक एवढाच की मी जिवंत राहिलो आणि दहावीला बसलो. दोनदा.

शैलेंद्र काका विचारत होते, पार्सलं उशिरा का जातात. म्हटलं, एका मुलीच्या मृत्यूवर काम चालू आहे. दुपारी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, पोलिसांचं काही असेल तर आधीच सांग बावा.

२२ मार्च

बॅड लक. भरता भरता जेवत होतो. आमटी सांडली. मर्सीच्या घराच्या छपरावर.

घाबरलो नाही. काकूंनी हे लिनन जुनं दिसावं म्हणून सुरुवातीला चहाच्या पाण्यात बुडवलं होतं, त्यांनीच सांगितलेलं. म्हणजे चहा चालतो. सगळंच कापड पुन्हा बुडवलं की हळदीचा डाग त्यात मिसळून जाणार. काकू खोलीत झोपल्या होत्या, म्हणून उठवलं नाही. चांगला चहा टाकला, आलं घालून. कापड बुडवलं.

दूध घालायचं नसतं हे कुणी सांगायला नको?

२३ मार्च

साखरेनं कापड पापडासारखं कडक झालंय. खिडकीपासून मुंग्यांची रांग लागली आहे. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय करून राहिला तू हे?" आवाज चढवला नाही. ते जास्त वाईट.

त्यांनी प्लास्टरवर पिशवी बांधली आणि गार पाण्यात सहा-सात वेळा कापड धुतलं. मी बादली धरली. तांबडा दोरा थोडा उतरला. डाग राहिला, पण आता तो छपरावरच्या कवलांसारखा दिसतो. बघायला गेलं तर माझ्यामुळे घराला कवलं आली.

आल्याचा वास जात नाही.

काकू बाथटबच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, काकांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, आजारपणात हॉस्पिटलमध्ये बसून बसून हे सुरू केलं होतं. एबीसीडीची पहिली ओळ त्यांच्या खाटेशेजारी भरली. ते बघून विचारायचे, आज कुठल्या अक्षरावर आलीस? M पर्यंत त्यांनी विचारलं.

हे लिहायचं नव्हतं.

२४ मार्च

नवा निश्चय. उद्यापासून कडक. मोबाइल वरच्या मजल्यावर ठेवणार.

३० मार्च

मोबाइल आणायला वर गेलो की काकू चहा देतात. गाळलेला. आणि हसतात.

शेवटची ओळ निम्मी झाली.

१० एप्रिल

Y भरला. काम खरं तर संपलं. काकू म्हणाल्या, शाब्बास, आता हात काढ. प्लास्टर सोमवारी निघणार, मग त्या स्वतः इस्त्री करून फ्रेमला देणार.

मन लागेना. एक मुलगी जीव जाईपर्यंत टाके घालते आणि आपण तिच्या शेवटच्या अक्षराचीसुद्धा नुसती नक्कल करायची? खाली चांगली चार बोटं जागा कोरी आहे.

विट्याला मी फ्लेक्सच्या दुकानात होतो. तीन महिने. मोबाइल रिपेअरिंगच्या नंतर आणि जिमच्या आधी. कोरी जागा कशी भरायची हे मला तिथं शिकवलंय. कुणी गेलं की फोटोखाली काय लिहायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

१३ एप्रिल

काकू हॉस्पिटलमध्ये. मी आणि मर्सी. सकाळपासून एकदाही उठलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा. फुल्यासुद्धा सगळ्या एका बाजूला झुकल्या.

आधी YEAR पूर्ण केलं. मग तिच्या नावाखाली काळ्या दोऱ्यानं, चांगल्या मोठ्या अक्षरात: भावपूर्ण श्रद्धांजली.

शिरोरेघ इतकी सरळ आली की माझाच विश्वास बसेना.

नैना दुपारी आली. आईला तिकडे उशीर होतोय, फ्रेमवाला थांबलाय, दे म्हणाली. दिलं. तिला मराठी वाचता येत नाही. म्हणाली, अरे, खालची बॉर्डर फार सुंदर आलीय, मूळ फोटोत मला नीट दिसली नव्हती.

मी सौजन्यानं थँक यू म्हटलं.

१८ एप्रिल, शनिवार

एक्झिबिशन. शैलेंद्र काकांकडून सुट्टी घेतली. कारण, अंत्यसंस्कार.

भिंतीच्या मधोमध फ्रेम. खाली काकूंचं नाव आणि त्याखाली माझं, इंग्रजीत. लोकांची गर्दी. डेब्राही 'बॉर्डर'चे फोटो काढत होती. काकू गाडी पार्क करून यायच्या होत्या.

एक उंच म्हातारा गोरा मघापासून फ्रेमसमोरून हलत नव्हता. मिस्टर व्हिटेकर. त्यानं विचारलं, खालची डिझाइन कसली आहे? कुणाला तरी सांगावंसं वाटतच होतं. मी सांगितलं. मर्सी कशी तापानं गेली, सुई कशी हातात राहिली, आमच्याकडे अशा वेळी काय लिहितात, सगळं. माझं इंग्रजी आज चांगलं वाहिलं. शेवटी मीच रुमाल काढला.

तो शांतपणे म्हणाला की मर्सी त्याची खापरपणजी. लग्नानंतर व्हिटेकर झाली. सत्त्याऐंशी वर्षं जगली. घोडे पाळायची. घरात सगळ्यांना तिचे किस्से पाठ आहेत, म्हणून तर तो आज आला.

मी विचारलं, मग Y?

तो म्हणाला, "शी हेटेड सोइंग. शी जस्ट क्विट." म्हणे भावानं अंगणात नवं शिंगरू आणलं, ती बघायला उठली आणि परत बसलीच नाही.

नैनानं तिथल्या तिथं व्हिटेकर हे नाव टिपून घेतलं. त्याचे दोन्ही हात धरले. मला कुणी थँक यू म्हटलं नाही.

तेवढ्यात काकू आल्या. फ्रेमसमोर उभ्या राहिल्या. अख्ख्या हॉलमध्ये वाचता येणाऱ्या त्या एकट्याच. आधी वरची एबीसीडी बघितली. M वर थांबल्या. मग नजर खाली आली. मी बाथरूमला गेलो.

परत आलो तर काकू बाकावर बसून डोळे पुसत होत्या. मला वाटलं, रडतायत. जवळ गेलो तर हसतायत, इतकं की प्लास्टर निघालेला हात दुसऱ्या हातानं धरून बसल्यात. काका असते तर त्यांनी घरी नेऊन हॉलमध्ये लावलं असतं, म्हणाल्या. मग हसू थांबलं. मी पाणी आणून दिलं.

फ्रेम संध्याकाळी उतरवली. म्युझियममध्ये चुकांची नक्कल चालते, पण चुका मर्सीच्या लागतात.

१९ एप्रिल

मर्सीचा खूप राग आहे. हातात घेतलेलं काम असं टाकून उठायचं? घरच्यांनी चांगलं शिकायला बसवलं, तर ही घोडे बघायला गेली. ज्याला एका जागी बसवत नाही त्याच्यावर कुणी विश्वास का ठेवावा?

काकूंनी कात्री दिली. माझ्या मनाचं जेवढं आहे तेवढं उसवायचं. एक संध्याकाळ पुरे.

२६ एप्रिल

EAR उसवलं. 'श्रद्धांजली' उसवली. 'भावपूर्ण' राहिलंय. तेवढ्यात एक ओळखीचा म्हणाला, फर्निचर डिलिव्हरीत माणूस हवाय, मोठा ट्रक आहे. बघायला गेलो.

३ मे

ट्रक जमला नाही. ट्रकवाल्याचा स्वभाव बरोबर नव्हता. शैलेंद्र काकांनी डब्यांवर परत घेतलं. कुणाचा अंत्यसंस्कार होता हे मात्र ते रोज विचारतात.

काकूंना म्हटलं, उरलेलं आज उसवतो. त्यांनी कापड माझ्या हातातून घेतलं. "राहू दे. मर्सीही इथंच उठून गेली होती."

मला काय म्हणायचंय ते काकूंना अखेर पटलं. कापड त्यांनी हॉलमध्ये लावलंय, 'भावपूर्ण'सकट. आल्याचा वास अजून येतो.

१० मे

काकूंनी नवं लिनन आणलं. परत पहिल्या A पासून. त्यांचं मनगट अजून दुखतं आणि बारीक भोक दिसत नाही, म्हणून मला मदतीला घेतलंय. आईला फोन करून सांगितलं, आता म्युझियमचं काम बघतो. ती म्हणाली, काय बघतोस? मी म्हटलं, टेक्निकल आहे, तुला कळणार नाही.

फोन ठेवावा लागला. काकू वरून हाक मारत होत्या, सुई ओवून दे म्हणून.