बाबांच्या पेटीचा निळा रंग

४ फेब्रुवारी
पिशोरच्या घरात मी पेटीवर बोटं ठेवायचे आणि दादा मागून भाता हलवायचा; माझा हात पोचत नसे. मध्येच थांबायचा. "हवा संपली, गूळ दे." बाबा हसायचे. तेव्हा पेटीला तांबूस पॉलिश होतं. वाकलं की त्यात तोंड दिसे.

आज रफिकभाई पॉलिशवाले पाहून गेले. दादानं फासलेला निळा ऑइलपेंट खरवडायचा, खालचं पॉलिश मोकळं करायचं. माझं ऑपरेशन अठराला. डॉक्टर गाठीबद्दल फार बोलत नाहीत. त्याआधी एकदा बाबांची पेटी बाबांची दिसावी.

९ फेब्रु.
रफिकभाईंनी काम सुरू केलं. घरभर वास.

हॉस्टेलवरून सुट्टीत आले तेव्हा पेटी निळी झालेली आणि बाबांनी वाजवणं सोडलेलं. बाबांच्या मातीला मी सगळ्यांसमोर दादाला म्हटलं, "तुझ्या रंगानं त्यांचं गाणं मारलं." बावीस वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नाही.

१२ फेब्रु.
दुपारी रफिकभाईंची हाक. "बाजी, नीचे पॉलिश हैच नै. लकडी जलेली है."
काळं बोटाला लागलं. धुतलं तरी नखात आहे.

१३ फेब्रु.
दादाला फोन केला. लाकूड जळलेलं कसं, विचारलं.
"गावातल्यांनी घर पेटवलं व्हतं आपलं. बाबा पेटी काढाया आत गेले. हात तवाच गेले."
मला कळवलं होतं, स्टोव्ह उडाला. सुट्टीत व्रण दिसले, तर बाबा म्हणाले, हात बरे आहेत.
"तुला सांगू नगं, बाबा म्हनले. शाळा सोडून पळत येशील. जयंतीच्या निळ्या रंगाचा डबा उरला व्हता, म्या लावला."
"मी तसं बोलले तेव्हा तरी सांगायचंस, दादा."
"मातीला आलेल्या मान्सात पेटवणारा बी उभा व्हता, बाई."

१७ फेब्रु.
उद्या सकाळी दाखल. रफिकभाईंना थांबवलंय. पेटी अर्धी काळी, अर्धी निळी.

माझं काही झालं तर: पुस्तकं आणि हॉस्टेलच्या सिस्टरनी दिलेला शिवणाचा डबा दादाच्या मुलीला. बाबांचा चष्मा माझ्या पिशवीतच राहू दे. पेटी दादाला. आहे तशी. रंग कोणी लावू नये. लावला तर त्यानंच.

दादाला उद्या येशील का विचारलं. "बघतो," म्हणाला.

किल्ली शेजारी सुनंदाकडे. भाता चालतोय, हलवून पाहिला. गुळाचा खडा कागदात बांधून पेटीवर ठेवलाय.