आत : १

सोमवार, ४ मार्च
माझी छोटी गेल्यापासून आज पहिल्यांदा भावोजींच्या खेळघरात कामावर गेले. त्यांनी फाटकावर बसवलं. जुनंच काम – मुलाच्या मनगटावर पट्टा, आईबापाच्या मनगटावर त्याच आकड्याचा दुसरा. जाताना दोन्ही पट्टे यंत्राला लावायचे, मगच फाटक उघडतं. वर दिव्यांची पाटी – आत किती मुलं आहेत ते दाखवते.
एक आजोबा नातवामागोमाग घसरगुंडीच्या नळीत शिरले आणि अडकले. "अरे ओढू नका, पँट निघेल!" सगळे हसले. मीसुद्धा. नंतर कसंतरीच वाटलं.
सातला बंद केलं. पाटीवर – आत : १.
भावोजींनी बोगदे, झोपाळे, चेंडूंचा हौद, सगळं धुंडाळलं. कोणी नाही.

मंगळवार, ५ मार्च
आत : १.

बुधवार, ६ मार्च
दुरुस्तीवाला आला. पाटी शून्यावर आणली, पुन्हा पुन्हा तपासली. "यंत्र ठणठणीत आहे, ताई. एखादं पोर विसरलात की काय आत?" भावोजींनी डोळे वटारले. बिचाऱ्याला काय माहीत!
सातला पुन्हा १. हौदाच्या कोपऱ्यात चेंडू हलत होते. पंख्याने असेल, म्हटलं. पंखा बंद होता.

शुक्रवार, ८ मार्च
भावोजी म्हणाले, "वहिनी, परवा ही पाटीच काढून टाकतो. तुम्हाला रोज रोज त्रास नको."
"नको!" – एवढी ओरडले की तेच दचकले. "तुम्ही जेवताय ना नीट?" त्यांनी विचारलं. पण ते काढणारच.
घरी आल्यावर लक्षात आलं. त्या दिवशी छोटी हौदात खेळत होती. अंग एकदम तापलं. फाटकावर ही गर्दी! मी तिला उचललं आणि खेळघराच्या मागच्या दाराने बाहेर नेऊन गाडीत घातलं. दवाखान्यातून ती घरी आलीच नाही.
आणि फाटकातून तिला मी बाहेर काढलंच नव्हतं.
कपाट उघडलं. तिच्या खेळायच्या मोज्यांत दोन्ही पट्टे तसेच आहेत. सत्तावीस. सत्तावीस.

शनिवार, ९ मार्च
सगळे गेल्यावर दोन्ही पट्टे यंत्राला लावले. फाटक उघडलं. आत : ०.
चालतच घरी आले, सावकाश. कुलूप काढलं, आत शिरले. दार लगेच लावलं नाही. जरा थांबले. मग लावलं.