देवाची पाळी

धसईच्या वरचा पाडा,
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. दादास यमूचा नमस्कार.

आमी बरी आहोत. वहिनीची कंबर कशी आहे? फोन तू उचलत नायस, म्हणून जगनच्या हाती चिठी देते. तो रोज वाशिंदला तुझ्याच कंपनीत येतो, तेव्हा मिळाली नाय असं सांगू नकोस.

इथं भेंडी लागलीय रे. बघत राहावं अशी. मागल्या साली सगळ्या पाड्यानं एकदम लावली, एकदम धसईच्या बाजारात ओतली, आणि व्यापाऱ्यांनी तोंड फिरवलं. निम्मी ढोरांनी खाल्ली. ओढापण लवकर आटला. म्हणून औंदा मी घरोघर जाऊन भांडले. पाळीपाळीनं लावा, पाणी पुरवून वापरा, बाजारात थोडा थोडा माल गेला की भाव टिकतो. बाया हसल्या, "यमू मास्तरीण झाली गो!" पण ऐकलं. शहापूरचा एक व्यापारी उन्हाळ्यापर्यंत दिवसाआड टेम्पो धाडायला कबूल झाला, एकाच भावानं. टेम्पो रिकामा फिरवलात तर दुसरं गाव बघेन, हेपण बोलला.

आणि माझी अक्कल बघ! सगळ्यांच्या पाळ्या लावल्या, देवाची इसरले. तुला ठाऊक आहे, पाड्यातल्या सगळ्या शेतांत नवं पीक धरल्याशिवाय वाघोबाला नारळ फोडत नायत, आणि नारळाशिवाय कोण तोडत नाय. शेवटच्या घराची भेंडी अजून फुलात आहे, पहिल्या घरांची झाडावर जून होतेय. बाबा असते तर "चला, औंदा आधी फोडतो" बोलले असते आणि मिटलं असतं. बाबांच्या मागं तो मान तुझा.

मागं फोनवर बोलावलं तेव्हा तू म्हणालास, माझा देवावर विश्वास नाय. अरे, तुझा विश्वास कोण मागतंय? एक सकाळ मागतेय.

वीटभट्टीचा मुकादम मजूर न्यायला पाड्यावर फिरतोय. शेजारच्या रखमीकडं बांधाबांध चाललीय. आमच्या काजलचा बापूसपण बोलतो, आपण जाऊ. तिचं दप्तर त्यानं माळ्यावर टाकलं. मी खाली काढलं. त्यानं परत टाकलं.

आता टाळत होते ते लिहिते. आज सकाळी टेम्पो आला, आणि मीच नारळ फोडला. बाईमाणसानं. पहिली भेंडी वाघोबापुढं ठेवली आणि ओरडले, "चला गो, तोडा!" सगळ्या जणी टोपल्या घेऊन बांधावर उभ्या. एकपण शेतात उतरली नाय. रखमी रडत होती, पण तीपण नाय. मी एकटीच तोडत राहिले. टेम्पोवाल्यानं माझी एक टोपली नेली. बोलला, "मंगळवारी येतो, ते शेवटचं."

आमच्या शेतावर आता सावडीला, कामाच्या बदल्यात कामाला, कोण येणार नाय, असं सकुबाई सांगून गेली. पावसात भाताची लावणी मी एकटी कशी करू, ते पुढं बघेन. मला भीती वाटते रे दादा, लय भीती वाटते. माझ्यामुळं सगळा पाडा भट्टीवर जाईल.

मंगळवारी उजाडायला ये. बाबांच्या जागी उभा राहा आणि दुसरा नारळ फोड. यमूचा देवाला चालला नाय म्हण. बहिणीला अक्कल नाय म्हण, चारचौघांत शिव्या घाल. मी मान खाली घालून ऐकेन, उलटून एक शब्द बोलणार नाय. पण त्या बाया शेतात उतरल्या पायजेत.

नारळ आणू नकोस. मी घेऊन ठेवलाय.

तुझी वाट बघणारी,
यमू