न दिलेल्या गृहपाठाबाबत

प्रति,
माननीय शिक्षणाधिकारी,
शालेय शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : शाळेतील नाट्यशिक्षणाच्या तासाविषयी वाटणारा संशय, आणि त्याच अनुषंगाने एका गृहपाठास मंजुरी मिळण्याबाबत.

संदर्भ : नाट्यशिक्षणाचा तास पुढे चालू ठेवावा किंवा कसे, याविषयी पालकांची मते मागवणारे आपले परिपत्रक (शाळेच्या फलकावर लावलेले, मजकूर ऐकून माहीत आहे).

महोदय,

मी निवृत्त मुद्रितशोधक आहे. छापायला आलेल्या मजकुरातील चुका शोधणे, एवढेच काम आयुष्यभर केले. माझी नात आठवीत शिकते. ‘पालक’ या शब्दात आजोबा बसतात की नाही, याची खात्री नसल्याने अर्ज करावा की करू नये, यात बरेच दिवस गेले. बसत नसल्यास हा अर्ज बाजूला ठेवावा. मात्र कृपया घरच्या पत्त्यावर परत पाठवू नये. अक्षर मोठे व ओळी तिरक्या झाल्या असतील, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

१. शाळेत नाटकाच्या बाई आल्यापासून मुलांच्या कोणत्याच वागण्यावर भरवसा ठेवता येईनासा झाला आहे. मागे एकदा नातीने पोट धरून असा काही टाहो फोडला की माझी सून हातातले पीठ न धुता रिक्षा बोलवायला धावली. ती दारात पोहोचली तेव्हा मागून प्रश्न आला, “आई, जमलं का गं?” सुनेने “थांब कार्टे, आता खरंच दुखवते,” असे म्हटले व पुढे बराच वेळ दोघी हसत होत्या. मी हसलो नाही. जे रडणे खोटे होते ते कळले. जे कळले नाही असे आणखी किती असेल, या विचाराने मला रात्री नीट झोप लागली नाही.

२. त्यानंतर बाईंनी वर्गाला एक अभ्यास दिला. ओळखीचा एक माणूस निवडायचा, त्याला कळू न देता त्याचे चालणे, बसणे, उठणे टिपायचे आणि वर्गात शब्दाविना करून दाखवायचे. हे कानावर आल्यापासून माझी पंचाईत झाली. मी स्वभावाने बुजरा आहे. लग्नाच्या फोटोतही मी खांबाआड उभा आहे. लग्न माझेच होते. घरात मी चालू लागलो की मागे पावले वाजत, मी थांबलो की थांबत. चहा पिताना दारातून कोणी बघत असल्याचा भास होई आणि आपण एरवी कप कोणत्या हातात धरतो, हेच आठवेनासे होई. शेवटी मी माझ्यासारखे वागण्याचा प्रयत्न करू लागलो, आणि तो मला मुळीच जमला नाही.

३. मी दिवसाचा बराच वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसतो. एके दिवशी संध्याकाळी नातीने विचारले, “आजोबा, आजचं प्रकरण कसं होतं?” मी म्हणालो, “उत्तम. भाषा फार सुंदर.” तिने माझ्या मांडीवरचे पुस्तक उचलले आणि पुन्हा होते तसे ठेवले. एरवी ती माझ्या पुस्तकांना हात लावत नाही, म्हणून नोंद करतो. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाईंनी रोज तासभर मोठ्यानं वाचायला सांगितलंय. आवाज तयार होतो म्हणे. पण ऐकायला कुणीतरी समोर लागतं. तुम्ही बसाल का? बाकी कुणाला वेळ नाही आणि तुम्हाला काही काम नाही.” तेव्हापासून रोज संध्याकाळी ती मला माझ्याच कपाटातली एक जाड कादंबरी वाचून दाखवते.

४. या वाचनातही मला संशयास जागा आहे. या कादंबरीची मुद्रिते एके काळी मीच तपासली होती. तीत नायिकेचे म्हातारे काका मध्यावर वारतात. नातीच्या वाचनात त्यांना त्या प्रकरणात नुसता ताप आला आणि उतरला. पुढच्या भागात काकांचे काहीच काम नसल्याने तिला ते जागेवर रचावे लागते. सध्या काका बाजारातून भाजी आणतात, नायिकेच्या नवऱ्याला टोमणे मारतात आणि अलीकडे त्यांना बुद्धिबळाचा नाद लागला आहे. ते बोलायला लागले की नातीचा आवाज जरा घोगरा होतो आणि त्यांचे खाकरणे मला ओळखीचे वाटते. बाईंच्या तासाला आयत्या वेळी प्रसंग रचायला शिकवतात, असे ऐकतो. छापील मजकुरात अशी ढवळाढवळ मी नोकरीत असताना कोणालाही करू दिली नसती. इथे मात्र मी अजून हरकत घेतलेली नाही.

५. आता एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. गेल्या काही महिन्यांपासून मला अक्षरे दिसत नाहीत. कडेचे दिसते, जिथे बघावे तिथे मधोमध डाग पडल्यासारखे होते. लिहिता येते, कारण हाताला सवय आहे. लिहिलेले वाचता येत नाही. हे मी घरात सांगितलेले नाही. समोर पुस्तक असले की माणसाला कोणी बोलवत नाही, पाहुण्यांत नेऊन बसवत नाही, “काय म्हणता, तब्येत बरी?” असे विचारत नाही. या घरात ‘ते वाचतायत’ एवढीच माझी जागा आहे. म्हणून मी अजूनही पुस्तक उघडून बसतो आणि अंदाजाने पाने उलटतो. क्रमांक ३ मध्ये ज्याची भाषा मी सुंदर म्हटली, ते पुस्तक सुनेचे शिवणकामाचे होते. ते नंतर त्यातून मांडीवर पडलेल्या झबल्याच्या कागदी नमुन्यावरून कळले.

६. संशय असह्य झाल्याने गेल्या आठवड्यात मी शाळेत जाऊन बाईंना भेटलो. त्यांचा चेहरा नीट दिसला नाही, त्यामुळे केवळ आवाजावरून मत बनवावे लागले; आणि आवाज त्यांच्या हातातला असल्याने ते मत कितपत धरावे, हे आपण ठरवावे. मी रोजच्या वाचनाचा विषय सहज काढला. त्या म्हणाल्या, “वाचन? नाही बुवा, मी तसं काहीच दिलेलं नाही.” मग आपण होऊन म्हणाल्या, “तुमची नात आधी आजोबा करणार होती. इतकं सुरेख निरीक्षण होतं! मग एक दिवस येऊन म्हणाली, आजोबा नको, मी इस्त्रीवाले काका करते. का, ते काही केल्या सांगेना. घाईत केलं, साफ पडलं. पोरं हसली तिला.” मी “असं का” म्हणालो आणि निघालो.

७. पालकसभा येत्या शनिवारी आहे. नातीचे गणित कच्चे आहे. “रोज तासभर हे कसलं वाचन? बाईंना विचारतोच, आणि पटलं नाही तर नाटकाचा तासच बंद,” असे माझा मुलगा म्हणतो. तो तापट आहे, पण वाईट नाही. त्याने विचारले की बाई खरे तेच सांगतील, आणि मग खोटे का बोललीस, याचा जबाब नातीला द्यावा लागेल. ती तो देणार नाही. बोलणी खाईल, तास सोडेल, पण माझे नाव घेणार नाही, असा मला दाट संशय आहे. मुलाला मीच सगळे सांगावे, हा सरळ मार्ग मला दिसतो. दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा “काय हवंय बाबा?” असे त्याने विचारले आणि मी “पाणी” म्हणालो.

तरी विनंती अशी की, आठवीच्या विद्यार्थ्यांनी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास रोज तासभर मोठ्याने वाचून दाखवावे, असा लेखी आदेश आपण शनिवारपूर्वी काढावा. बाईंनी खोटे बोलावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. आदेश निघाला की ते खरेच होईल. एकाच शाळेपुरता काढल्यास कोणासही संशय येईल, म्हणून तो आपल्या अखत्यारीतील सर्व शाळांना लागू करावा. एका मुलीसाठी इतक्या मुलांना कामाला लावणे हे जास्त होते, याची जाणीव आहे. परंतु अशा आणखी किती खुर्च्यांत कोण कोण पाने उलटत बसले असेल, हे मला किंवा आपल्याला तरी कुठे माहीत आहे? आदेशाची मुदत कादंबरी संपेपर्यंत ठेवावी. काका जिवंत असल्याने ती लवकर संपेल असे वाटत नाही.

परिपत्रकात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर : नाट्यशिक्षणाचा तास चालू ठेवावा. माझा संशय कायम आहे.

आपल्या निर्णयाकडे कान लावून बसलेला,

(सही)
एका विद्यार्थिनीचे आजोबा
दिनांक : पालकसभेआधीचा सोमवार

सोबत : डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, पाकीटबंद.

ता. क. : हा अर्ज पाठवण्यापूर्वी तपासलेला नाही. तपासल्याशिवाय मजकूर हातावेगळा करण्याची ही माझी पहिलीच वेळ. मला वाचून दाखवणारे घरात एकच माणूस आहे, आणि तिला हा दाखवता येत नाही.