सुपडूचं चित्र

लिंबायत, सुरत
ता. २ मे १९९५

ती. आईस, जयूचा शि. सा. न. वि. वि.

माय, तुझं कार्ड मिळालं. सोनूला दात आले का विचारतेस, तर चार आलेत आणि त्या चार दातांनी तिने घरातल्या कुणाचं बोट सोडलेलं नाही. हे बरे आहेत. यांच्या कारखान्यात कापड विणायचे संचे पुन्हा दोन्ही पाळ्यांना चालू झालेत. मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. डोळे दुखतात, पण हात रिकामे राहिले की मन सुपडूकडे धावतं, त्यापेक्षा टिकल्या बऱ्या.

काल पुन्हा रेल्वे पोलिसांकडे गेलो होतो. साहेबाचं तेच पालुपद, फोटो आणा. मी म्हटलं, माझ्या भावाचा फोटोच नाही. एवढा वीस वर्षांचा बाप्या आणि त्याचा एक फोटो नाही, असं म्हणून तो हसला. यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं, नाहीतर मी काहीतरी बोलून बसले असते. गेल्या भादव्यात त्या प्लेगच्या भीतीने अख्खं सुरत पळत होतं, तेव्हा सुपडूनेच मला आणि सोनूला उधन्याला खिडकीतून गाडीत ढकललं. स्वतः दाराला लोंबकळला. बारडोली येईपर्यंत दांडीवरचा त्याचा हात मला दिसत होता. नंदुरबारला बघितलं तर हात नाही. पडला, उतरला, की गर्दीने ढकलला? माय, मला त्या दारापुढचं काही सुचत नाही.

आता एक विचारायचं आहे. रागावू नकोस. आमच्या कुंदनभाऊजींचं कॉमिक्सचं वेड तुला माहीत आहे. चौकाजवळच्या हॉलमध्ये पुढच्या शनिवारी-रविवारी कॉमिक्सचा मेळावा आहे. दिल्ली-मुंबईचे चित्रकार येणार, टेबलं मांडून बसणार आणि रांगेतल्या प्रत्येकाला हवं ते चित्र तिथल्या तिथे काढून देणार. भाऊजी अशी चित्रं वहीत जमवतात. ते म्हणतात, वहिनी, ही माणसं जे कधी जन्मलेच नाहीत त्यांचे चेहरे काढतात, मग आपल्या सुपडूचा का नाही काढणार? मी सांगायचं, त्यांनी काढायचं. चित्र हातात आलं की फोटोचं काम होईल.

तुझा शब्द मला ठाऊक आहे, म्हणून विचारते. लगेच लिही. माया आहेच तुझी, ती या प्रश्नाने आटू देऊ नकोस.

तुझी
जयू

॥ कानबाई प्रसन्न ॥
पिंपळखेडे, ता. अमळनेर
ता. ९ मे १९९५

चि. सौ. जयश्रीस, आईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकर करपली. अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? भादव्यात तुझी पत्रं यायची तेव्हा गावाच्या भीतीने मी ती कडुलिंबाच्या धुरावर धरून मग उघडायची. आता रोग गेला, पण या पत्राला पुन्हा धूर द्यावा असं वाटलं.

तू तेव्हा झोळीत होतीस, तुला काय आठवणार. तुझ्या वरचा हिलाल. अमळनेरच्या यात्रेत तुझ्या बाबांनी हौसेने त्याचा फोटो काढला, रंगवलेल्या मोटारीत बसवून. आठवडा भरला नाही तोच पोर तापाने गेलं. फोटो मागाहून आला. मी तो बघितला नाही, बाबांनी कुठे टाकला तेही विचारलं नाही. त्यानंतरचा तर बारशालाही थांबला नाही. मग हा झाला. याला सुपात घालून उकिरड्याशी ठेवला, शेजारच्या धुडकूच्या आईने उचलून आणून दिला, म्हणून नाव सुपडू. देवाला वाटावं, कुणीतरी टाकून दिलेलं पोर आहे, याला काय न्यायचं. आणि कानबाईसमोर पदर पसरून मी बोलले की मी जिवंत आहे तोवर याचा चेहरा कागदावर उतरणार नाही. शाळेत फोटोवाला आला की सुपडू आपणहून बाभळीमागे जाऊन उभा राहायचा. मास्तरांनी मारलं तरी पुढे आला नाही.

जयू, आठ महिने मी एकाच गोष्टीवर श्वास घेते आहे. त्याचं चित्र नाही, म्हणजे त्याला काही झालेलं नाही. हसशील तर हस. तेवढं एक माझ्यापाशी आहे, ते काढून घेऊ नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद. सोनूला जायफळ उगाळून दे. मेळाव्याला जाऊ नकोस, हे दोनदा लिहिलं असं समज.

तुझी आई
पुष्पाबाई

लिंबायत, सुरत
ता. १६ मे १९९५

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल सोमवारी आलं आणि मेळावा रविवारी संपला. कसं सांगू माय, मी जाऊन आले होते.

आधी सगळं ऐक. हॉलमध्ये पोरांची ही झुंबड. कुणाला उडणारा माणूस हवा, कुणाला नागाच्या डोक्याचा. त्या रांगेत मी, कडेवर सोनू. पहिल्या चित्रकाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि सुपडूला अशी छाती काढून दिली की आपल्या दारातून त्याला आडवं होऊन यावं लागेल. दुसऱ्याने पाठीला झूल लावली. तिसरा भुताखेतांची चित्रं काढणारा. बिचाऱ्याने मनापासून काढलं, पण दात बघून सोनू रडायला लागली. भाऊजी एकेक चित्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत होते आणि माझा धीर सुटत होता. कारण काय सांगू? नाक कसं विचारलं की मला नाक आठवेना. आठ महिन्यांत मी त्याचं नाक विसरले की काय?

शेवटच्या टेबलावर रामजीभाऊ म्हणून म्हातारे होते, आपल्याच भाषेतले. वडील रेल्वेत होते म्हणाले. त्यांनी आधीची चित्रं पसरून बघितली आणि म्हणाले की पोरी, सगळ्यांनी तुलाच मिशा काढून दिल्यात. खरंच की! माझं तोंड समोर होतं, ते बघून सगळ्यांनी तेच उतरवलं होतं. मग त्यांनी माझी खुर्ची फिरवली, मला पाठमोरं बसवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघून बोल म्हणाले. नाक-डोळे नकोत. तो खोटं बोलतो तेव्हा काय करतो, जेवताना कुणाकडे बघतो, राग आल्यावर तोंड मिटतो की उघडतो, असलं विचारत राहिले. मी बोलत राहिले.

मग त्यांनी कागद पुढे केला. माय, तो होता. खोटं बोलताना खालचा ओठ आत घेतो ना, तसा. मी मान फिरवली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला तुझी भीती वाटली, आणि घरी आले तर दुसऱ्या दिवशी तुझं पत्र.

चित्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं आहे. भाऊजी म्हणतात छापून भिंतींवर लावू. मी कुणाला हात लावू देत नाही. काय करू ते तूच सांग. माझ्यावरचा हात काढून घेऊ नकोस.

तुझी
जयू

॥ कानबाई प्रसन्न ॥
पिंपळखेडे
ता. २२ मे १९९५

चि. सौ. जयश्रीस, अ. उ. आ.

झालं ते झालं, असं तुझा बाप म्हणाला असता. मला म्हणता येत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही. पहिल्यांदा वाटलं, लिहावं, जाळून टाक. लिहायला बसले आणि कागद बाजूला सारला. जाळायचं? त्याचं तोंड आगीत घालायचं? मग म्हटलं तापीत सोड. तर पाण्यात सोडतात ते काय असतं, तुला माहीत नाही का? फाडायचा तर विचारही नको. कुणाला देऊन टाकलं तर तिथे चित्राचं काय होईल कोण जाणे. इकडे आड, तिकडे विहीर! एका कागदाने माझ्या जीवाला असा घोर लावला आहे. बाई, तू काय करून बसलीस?

असं कर. ते पालथं घाल, तांदळाच्या डब्यात, वर तांदूळ ओत. त्याच्या तोंडावर ऊन, दिवा, परक्याची नजर, काही पडू देऊ नकोस. दर शनिवारी डब्यावरून मीठ-मोहरी ओवाळ. कुंदनला सांग, त्याने भिंतीवर काही लावलं तर मी सुरतेला येऊन त्याची सगळी कॉमिक्स बंबात घालीन.

रात्री धुडकूची म्हैस हंबरली तरी मी उठून बसते. मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय. कालपासून मला एक सारखं वाटतं, तेही लिहिते. त्या म्हाताऱ्याने काढलेला ओठ बघावासा वाटतो. असं वाटू नये म्हणून पाठवू नकोस.

राग आहे, पण तुझ्यावरचा जीव त्याहून जुना आहे, हे जाणून असावं.

तुझी आई

लिंबायत, सुरत
ता. २ जून १९९५

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

माय, मी तुझं ऐकलं नाही. आडपडदा न ठेवता सांगते. चित्र तांदळाच्या डब्यात चार दिवस होतं. रोज तांदूळ काढताना माझा हात त्याला लागायचा आणि वाटायचं, आपण याला पुरला आहे. पाचव्या दिवशी मीच बाहेर काढलं आणि भाऊजींच्या हातात दिलं. त्यांनी आणि यांनी झेरॉक्स काढून उधन्यापासून पलसाणा, बारडोलीपर्यंत भिंतींवर, बस स्टँडवर लावली. खाली त्याचं नाव, आपलं गाव, इथला पत्ता आणि एवढंच, की घरी ये.

तू हिलालचं सांगितलंस. पण त्याच्या पाठचा जो गेला, त्याचा कुठे फोटो होता? तो का गेला मग? हे मी तुला टोचायला नाही लिहीत. मला रात्रंदिवस हाच प्रश्न पडतो आणि उत्तर सापडत नाही.

आता भीतीचं सांगते. लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक माणूस आला. म्हणाला, असाच चेहरा आहे, सरकारी दवाखान्यात बेवारस पडला आहे, येऊन बघा. मला वाटलं, आईचा शब्द खरा झाला, मी माझ्या हाताने मारला त्याला. हे मला येऊ नको म्हणत होते. मी गेले. तिथला वास अजून नाकातून जात नाही. चादर बाजूला केली. तो नव्हता. त्याच्या हातावर कुण्या बाईचं नाव गोंदलेलं होतं. मी बाहेर येऊन हसले आणि मग भिंतीशी ओकले. कुणाच्या तरी भावासाठी मी हसले, देव मला क्षमा करो.

तेव्हापासून दारावर थाप पडली की मी आधी फटीतून बघते. चित्रं आता भिंतींवरून काढायची म्हटली तरी निघायची नाहीत, खळ पक्की बसली आहे. तू मला शिव्या दे, पण पत्र लिही. तुझं गप्प राहणं मला सोसायचं नाही.

तुझीच, तुला भिणारी
जयू

॥ कानबाई प्रसन्न ॥
पिंपळखेडे
ता. ८ जून १९९५

चि. सौ. जयश्रीस, आईचे अ. उ. आ.

आधी खाली बस. सोनू कडेवर असेल तर खाली ठेव. सुपडू आला.

परवा सकाळी मी अंगण सारवत होते. फाटकात एक माणूस उभा, काटकुळा, डोकं पार भादरलेलं, अंगावर पंचा. मला वाटलं कुणाच्या घरी कुणी गेलं, सांगावा घेऊन आला बिचारा. म्हणून मी विचारलं, कोण गेलं रे बाबा. त्याने मला बघितलं आणि भिंतीला टेकून किंचाळला. आवाज ऐकून मला कळलं कोण ते, आणि मला वाटलं त्याचं भूत आलं, म्हणून मीही किंचाळले. धुडकू काठी घेऊन धावत आला. त्याला कळेना, मारायचं कुणाला! तो मला भूत समजत होता गं. मना पोऱ्या, माझाच पोरगा, मला भूत समजत होता.

आता त्याचं ऐक. त्याच्या खोलीतला भटू, संच्यावरचा, त्या रोगाने गेला होता. सुपडूने त्याला मांडीवर घेऊन पाणी पाजलं होतं. तुला सांगितलं नाही, तू पळायची थांबली असतीस. गाडीत दाराशी लोंबकळताना त्याला खोकला आला आणि त्याच्या मनाने घेतलं, आता हे मी आईच्या घरात घेऊन चाललो. म्हणून बारडोलीला उतरला. पुढे पलसाण्याला कपडा रंगवायच्या कामावर लागला. तिथल्या वाफेने खोकला काही जाईना आणि याला वाटायचं, रोग अजून आत आहे. कुणाच्या शेजारी बसून जेवला नाही. पत्र लिहिलं नाही, कागदाला आपला हात लागेल म्हणून. आठ महिने असा काढला माझ्या लेकराने.

आणि एक दिवस कामावरून येताना भिंतीवर स्वतःचं तोंड बघितलं. तुझा रामजीभाऊ धन्य, लगेच ओळखलं म्हणतो. पण त्याला आनंद नाही झाला. माझा शब्द त्याच्या डोक्यात पक्का. आई जिवंत असती तर माझं चित्र कुणाच्या बापाने लावलं नसतं. म्हणजे आई गेली. म्हणूनच खाली लिहिलंय की घरी ये. आई मेली म्हणजे जयूही गावालाच असणार, म्हणून तुझ्याकडे न येता बारडोलीला डोकं भादरून घेतलं आणि थेट इकडची गाडी पकडली. माझं पाणी सोडायला आला होता.

अजून लांब बसतो. तोंडावर फडकं धरतो. काल मी त्याचं ताट माझ्या ताटाला लावून ठेवलं तर ताट उचलून ओट्यावर गेला. मग मीही ओट्यावर गेले. उद्या अमळनेरला डॉक्टरकडे नेते, छातीचा फोटो काढायला लागेल म्हणे. काढू दे.

मी रात्रभर त्याच्या उशाशी बसून एकच विचार केला. माझ्या शब्दाने तो वाचला की तुझ्या चित्राने, ते मला सांगता येणार नाही. एवढं खरं, की मी मेले असं वाटलं म्हणून तो आला. मी जिवंत आहे हे त्याला माहीत होतं तोवर माझ्यासाठीच तो लांब राहिला आणि आणखीही राहिला असता. हे मनात आलं की मी उठून पुन्हा त्याला बघून येते.

कुंदनला सांग, त्याची कॉमिक्स राहू दे. पण खळ ओली कर, खरवड, काही कर, ती चित्रं आजच्या आज काढ. तिकडे आपल्या गावचे किती लोक आहेत. सगळ्यांना माझा शब्द ठाऊक आहे. आज सकाळी तुझा लोटूमामा बारडोलीहून तेराव्याचं सामान घेऊन दारात उभा राहिला.

जिवंत आहे, हे कळावे.

तुझी आई
पुष्पाबाई